विषांची नोंदवही कोणाच्या दप्तरी?

घातक रसायनांविषयीची माहिती जतन करणारे जगातील प्रमुख संदर्भकोश परकीय सरकारांच्या अथवा खासगी कंपन्यांच्या हाती आहेत. त्यांतील काही बंद झाले, काहींसाठी पैसे मोजावे लागतात, तर काहींचे भवितव्य अनिश्चित आहे. भोपाळची किंमत मोजलेल्या भारताने आपली स्वतःची नोंदवही कधी उघडायची, हा प्रश्न म्हणूनच ऐरणीवर यायला हवा.

१६ डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेच्या ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ या सरकारी वैद्यक ग्रंथालयाने ‘टॉक्सनेट’ ही आपली सेवा बंद केली. विषशास्त्राच्या वर्तुळाबाहेर या घटनेची फारशी दखल घेतली गेली नाही. एखाद्या जुन्या कपाटाची जागा बदलावी, इतक्या शांतपणे ते घडले. तथापि १९८५ पासून चौतीस वर्षे हे कपाट डॉक्टर, संशोधक, कारखान्यांतील सुरक्षा अधिकारी, पर्यावरण कार्यकर्ते आणि पत्रकार उघडत आले होते. एखादे रसायन श्वासावाटे शरीरात गेले तर काय होते, किती मात्रेनंतर धोका सुरू होतो, त्यावर उतारा आहे काय, या प्रश्नांची तज्ज्ञांनी तपासलेली उत्तरे तेथे एकत्र मिळत. इंटरनेटच्या प्रसारानंतर तर ती जगात कोणालाही विनामूल्य मिळू लागली होती.

टॉक्सनेट हा अनेक कोशांचा समूह होता. त्यातील सर्वांत महत्त्वाचा कोश घातक पदार्थांच्या माहितीचा. ‘हॅझार्डस सबस्टन्सेस डेटा बँक’ असे त्याचे नाव. त्यात पाच हजारांहून अधिक रसायनांच्या सविस्तर नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीत त्या रसायनाची निरनिराळी नावे, त्याचे गुणधर्म, माणसांत आणि प्राण्यांत आढळलेले परिणाम, विषबाधेवरील उपचार, आग लागल्यास घ्यावयाची काळजी, माती-पाण्यात त्याचे पुढे काय होते, अशी माहिती असे. प्रत्येक विधान कोणत्या मूळ स्रोतावरून घेतले, हेही तेथेच नमूद केलेले असे आणि तज्ज्ञांचे एक मंडळ या नोंदी तपासून देई. याशिवाय विषशास्त्रीय लेखांची सूची, स्तन्यपान करणाऱ्या मातांनी घेतलेल्या औषधांचा बाळावर काय परिणाम होतो याची नोंद, कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या विषारी द्रव्यांची वार्षिक आकडेवारी, असे आणखी कोश या समूहात होते.

यातील बहुतांश माहिती नष्ट झाली नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे. घातक पदार्थांचा कोश ‘पबकेम’ या अमेरिकी सरकारच्याच रसायनविषयक महाकोशात सामावून घेण्यात आला. लेखांची सूची ‘पबमेड’कडे गेली. ग्रंथालयाची भूमिकाही अगदीच गैर नव्हती. निरनिराळ्या दालनांत विखुरलेली माहिती एका छताखाली आणली तर वाचकाचा शोध सोपा होतो, असे तिचे समर्थन करता येते. मात्र पबकेममध्ये आज अकरा कोटींहून अधिक संयुगांच्या नोंदी आहेत. नेमकी तपासलेली माहिती हवी असलेल्या माणसाला त्या महासागरातून ती पाच-सहा हजार पाने वेगळी ओळखावी लागतात. शिवाय हा निर्णय एका देशातील एका संस्थेने आपल्या सोयीने घेतला. त्या सेवेवर विसंबून असलेल्या अन्य देशांना त्यात मत असण्याचे कारणच नव्हते. येथेच खरा प्रश्न सुरू होतो.

नोंदवहीची सुरुवात

विषांची माहिती एकत्र ठेवण्याची गरज सरकारांना उशिराच पटली. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि डीडीटीसारख्या कीटकनाशकांच्या दूरगामी परिणामांवर अमेरिकेत सार्वजनिक वाद सुरू झाला. विषारी द्रव्यांची माहिती किती विखुरलेली आहे, हे त्या काळात लक्षात आले. अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने १९६६ मध्ये या माहितीच्या हाताळणीवर अहवाल दिला आणि १९६७ मध्ये वैद्यक ग्रंथालयात विषशास्त्रीय माहितीचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. १९७० मध्ये कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. विषारी पदार्थांची यादी सरकारने प्रसिद्ध केलीच पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले. त्यातून १९७१ मध्ये जी यादी निघाली, तीच पुढे ‘आरटेक्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

अशा कोशाचा पाया दोन साध्या गोष्टींवर उभा असतो. पहिली गोष्ट ओळखीची. एकाच रसायनाला शास्त्रीय नाव, व्यापारी नाव, जुने नाव, बोलीतले नाव अशी डझनभर नावे असू शकतात आणि दोन वेगळ्या रसायनांची नावे एकमेकांशी मिळतीजुळती असू शकतात. म्हणून १९६५ पासून अमेरिकेतील ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस’ प्रत्येक रसायनाला एक क्रमांक देत आली आहे. ग्लिसरीनचा क्रमांक ५६-८१-५, तर डायएथिलीन ग्लायकॉलचा १११-४६-६. दोन्ही पदार्थ दिसायला पाण्यासारखे, घट्टसर आणि चवीला गोडसर. एक औषधात घालतात, दुसरे मूत्रपिंड निकामी करते. नावात आणि रूपात होणारी चूक क्रमांकात होत नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. चाचणीतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा मोजण्याची पद्धत ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. आजही रसायनांच्या तीव्रतेची तुलना करताना हा आकडा वापरला जातो. तथापि तो केवळ तत्काळ मृत्यूविषयी सांगतो. थोडे थोडे रसायन वर्षानुवर्षे शरीरात जात राहिले तर कर्करोग होईल काय, गर्भावर परिणाम होईल काय, याविषयी तो मौन पाळतो. त्या प्रश्नांसाठी दीर्घ अभ्यास लागतात आणि त्या अभ्यासांचे एकमेकांशी पटत नाही. कोणत्या अभ्यासाला किती वजन द्यायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते. म्हणूनच नुसते संकलन करणारे कोश आणि मूल्यमापन करणारे कोश असे दोन प्रकार पडतात. आरटेक्स पहिल्या प्रकारातला. प्रसिद्ध झालेले आकडे तो नोंदवून ठेवतो, त्यांच्या खरेखोटेपणाची जबाबदारी घेत नाही. दुसऱ्या प्रकारच्या कोशांना वेळ, पैसा आणि तज्ज्ञांची चिकाटी लागते. त्यामुळे ते नेहमीच संख्येने थोडे असतात.

भोपाळने काय शिकवले?

माहिती नसणे म्हणजे काय, याचा सर्वांत भीषण अनुभव भारताने घेतला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हवेत पसरले. पाच लाखांहून अधिक लोक बाधित झाले, हजारो मृत्युमुखी पडले. हमीदिया रुग्णालयात त्या रात्री रुग्णांची रीघ लागली, तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आपण कोणत्या विषाशी झुंजत आहोत हे ठाऊक नव्हते. रसायनाचे नाव कळल्यावरही फारसा उपयोग झाला नाही, कारण त्याविषयी खुल्या वैद्यकीय साहित्यात १९६४ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासापलीकडे जवळपास काही नव्हते. कंपनीने १९६३ आणि १९७० मध्ये अमेरिकेत स्वतःसाठी करवून घेतलेले अभ्यास कंपनीच्या दप्तरातच राहिले होते. रुग्णांना सोडियम थायोसल्फेट द्यावे की देऊ नये, यावरून पुढे अनेक महिने वाद होत राहिला. जी माहिती आधी टिपून ठेवायची, ती माणसांच्या शरीरांवरून शिकण्याची वेळ त्या शहरावर आली.

या दुर्घटनेचा माहितीच्या क्षेत्रातील सर्वांत ठोस परिणाम मात्र अमेरिकेत झाला. ऑगस्ट १९८५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावी याच कंपनीच्या कारखान्यात वायुगळती झाली आणि आपल्याकडेही भोपाळ होऊ शकते, या जाणिवेने तेथील लोकमत ढवळून निघाले. १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नागरिकांच्या माहितीच्या हक्काचा कायदा केला. कोणत्या कारखान्याने वर्षभरात कोणते विषारी द्रव्य किती प्रमाणात हवेत, पाण्यात आणि जमिनीत सोडले, ते कारखान्याने जाहीर करायचे आणि सरकारने ती आकडेवारी संगणकावर सर्वांसाठी खुली ठेवायची, असे बंधन आले. ही आकडेवारी टॉक्सनेटवरही उपलब्ध होती. म्हणजे भोपाळच्या वेदनेतून निर्माण झालेला कोश अमेरिकी नागरिकाला आपल्या गल्लीतील कारखान्याविषयी सांगू लागला. भोपाळच्या नागरिकाला तशी सोय मिळाली नाही.

भारतात कायदे झाले नाहीत असे नाही. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि परिसरातील रहिवाशांना देण्याचे कर्तव्य मालकावर टाकण्यात आले. १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयीचे नियम झाले आणि प्रत्येक घातक रसायनासोबत सुरक्षा माहितीपत्रक असणे बंधनकारक ठरले. प्रश्न असा की, ते माहितीपत्रक भरायचे कशावरून? उत्पादक ते भरतो आणि त्यासाठी तो बहुतेक वेळा परदेशी कोशांतील आकडेच उतरवून घेतो. आपल्या नियमांची इमारत अशा रीतीने दुसऱ्याच्या पायावर उभी राहिली.

मालक बदलला की दार बंद

हा पाया किती अस्थिर असू शकतो, याचे पहिले उदाहरण आरटेक्सने घालून दिले. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी, कायद्याच्या आदेशाने आणि जनतेच्या पैशातून तीस वर्षे वाढवलेला हा कोश २००१ मध्ये अमेरिकी सरकारी संस्थेने एका खासगी कंपनीकडे सोपवला. तेव्हा त्यात दीड लाखाहून अधिक रसायनांच्या नोंदी होत्या. पुढे त्या कंपनीची मालकी बदलत गेली. कोश आजही अद्ययावत होतो, पण तो पाहण्यासाठी वर्गणी भरावी लागते. मोठ्या औषध कंपनीला ती परवडते. तालुक्याच्या रुग्णालयाला किंवा लहान औद्योगिक वसाहतीतील कामगार संघटनेला परवडत नाही.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ‘आयरिस’ हा कोश १९८५ पासून मूल्यमापनाचे काम करत आला. अमुक रसायन रोज किती मात्रेपर्यंत शरीरात गेले तर आयुष्यभरात अपाय संभवत नाही, असा आकडा तो देतो आणि जगातील अनेक देशांच्या मर्यादा त्या आकड्यांच्या आधारे ठरतात. या कामात उद्योगांचे हितसंबंध गुंतलेले असल्याने दबाव अटळ असतो. फॉर्माल्डिहाइडच्या बाबतीत हे स्पष्ट दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले होते. आयरिसचा नवा मसुदा २०१० मध्ये आला आणि त्याला अंतिम रूप मिळण्यास ऑगस्ट २०२४ उजाडले. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, जुलै २०२५ मध्ये त्या संस्थेने आपले संशोधन व विकास कार्यालयच मोडीत काढण्याची घोषणा केली. आयरिसचे काम याच कार्यालयातून चालत असे.

हा केवळ अमेरिकेतील राजकारणाचा भाग आहे, असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. जुलै २०१८ मध्ये गोव्यात परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन आढळल्याच्या वृत्ताने खळबळ उडाली होती. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेले फॉर्माल्डिहाइड. सापडलेले प्रमाण मासळीत निसर्गतः असते तेवढेच की बाहेरून मिसळलेले, ते पोटात गेल्यास किती घातक, यावर वाद झडला आणि सरकारला मासळीच्या आयातीवर काही काळ बंदी घालावी लागली. श्वासावाटे होणाऱ्या अपायाचा आकडा पोटात जाणाऱ्या मात्रेला लावता येत नाही, मासळीचा प्रकार बदलला की नैसर्गिक प्रमाणही बदलते, अशा बारकाव्यांची उत्तरे तयार नसली की एका बाजूला घबराट आणि दुसऱ्या बाजूला सारवासारव, एवढेच हाती उरते. मासळी खाणाऱ्या समाजाने या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या देशाच्या कोशात शोधावे, हेही तर्काला धरून नाही.

युरोपला दिलेली माहिती

युरोपीय संघाने निराळा मार्ग धरला. १ जून २००७ पासून तेथे ‘रीच’ हा रसायनविषयक कायदा लागू झाला. माहिती नसेल तर बाजारही नाही, हे त्याचे सूत्र. वर्षाला एक टनाहून अधिक प्रमाणात एखादे रसायन युरोपात तयार करायचे किंवा आणायचे असेल, तर त्याच्या गुणधर्मांची आणि धोक्यांची माहिती हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेकडे नोंदवावी लागते. रसायन निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. वीस हजारांहून अधिक रसायनांची नोंदणी अशा प्रकारे झाली असून त्यातील मोठा भाग कोणालाही पाहता येतो.

भारतीय कारखानदारांनाही युरोपात माल विकण्यासाठी तेथील प्रतिनिधीमार्फत ही नोंदणी करावी लागली. वापी, अंकलेश्वर, तारापूर, लोटे, महाड अशा पट्ट्यांत रंगद्रव्ये, औषधांचे घटक आणि कीटकनाशके तयार होतात आणि त्यांचा एक हिस्सा निर्यात होतो. तेव्हा येथे तयार होणाऱ्या रसायनाच्या धोक्यांची माहिती हेलसिंकीत जमा होते आणि त्याच कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या माणसाला ती देणारी कोणतीही व्यवस्था आपल्याकडे नसते, अशी विसंगती उभी राहते. उद्योगांना माहिती देणे शक्य नाही, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. जिथे कायद्याने मागितली, तिथे ती दिली गेलेली आहे.

भारतातही अशा नोंदणीचा विचार झाला. रसायनांचे व्यवस्थापन आणि सुरक्षितता यांविषयीच्या नियमांचा मसुदा २०२० मध्ये तयार झाला. त्यावर चर्चा झाल्या, सुधारित आवृत्त्या निघाल्या. अंतिम स्वरूपाची प्रतीक्षा मात्र वर्षानुवर्षे लांबत गेली. रसायन उद्योगात जगातील पहिल्या काही देशांत गणना होणाऱ्या राष्ट्राला ही दिरंगाई शोभणारी नाही.

कोश आहे, पण पोहोचत नाही

कोश उघडले की प्रश्न सुटतात, असा समज करून घेण्याचेही कारण नाही. डायएथिलीन ग्लायकॉलची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधाचे द्रावण करण्यासाठी ते वापरले गेले आणि शंभराहून अधिक लोक दगावले. त्यातूनच १९३८ चा तेथील औषध कायदा जन्माला आला. तेव्हापासून हे द्रव्य प्रत्येक विषशास्त्रीय ग्रंथात नोंदवलेले आहे. तरीही १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चिरफाड केली. २०२२ मध्ये गांबियातील बालमृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या सिरपांविषयी इशारा दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणले गेले होते. तमिळनाडूत बनलेल्या त्या ‘कोल्ड्रिफ’ औषधात तेथील सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. येथे कोशात माहिती नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. ती कच्चा माल तपासणाऱ्या टेबलापर्यंत गेली नाही आणि मुलांची लघवी बंद होऊ लागली तेव्हा कारणापर्यंत पोहोचायला वेळ गेला.

यवतमाळची दुर्घटना आणखी वेगळे काही सांगते. २०१७ च्या खरीप हंगामात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अनेकांनी दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून फवारली होती. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस यांसारख्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची बाधा असेल तर अ‍ॅट्रोपिन हा उपचाराचा कणा असतो. डायफेन्थियुरॉनवर मात्र विशिष्ट उतारा नाही, लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. त्यामुळे शरीरात गेले काय, हे कळणे निर्णायक ठरते. रुग्णाला सांगता येते ते दुकानदाराने दिलेल्या बाटलीवरचे व्यापारी नाव किंवा नुसता डब्याचा रंग. त्या नावावरून घटक द्रव्यापर्यंत आणि घटकावरून उपचारापर्यंत काही मिनिटांत नेणारा पूल हवा. तो पूल वॉशिंग्टन किंवा हेलसिंकीचे कोश बांधून देणार नाहीत. वणीच्या किंवा आर्णीच्या कृषी केंद्रात कोणत्या नावाने काय विकले जाते, याची नोंद ठेवण्याचे त्यांना कारणच नाही.

अशी खास भारतीय विषे आणखीही आहेत. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, केस काळे करण्याच्या कलपातील पॅराफिनिलीन डायअमीन, पिवळ्या कण्हेरीच्या बिया, धोतरा. यांच्या बाधेचा सर्वाधिक वैद्यकीय अनुभव भारतासारख्या देशांतील डॉक्टरांपाशीच आहे. तो निरनिराळ्या नियतकालिकांत, प्रबंधांत आणि रुग्णालयांच्या केसपेपरांत विखुरलेला आहे. १९६६ मध्ये अमेरिकी समितीला आपल्या देशात जे चित्र दिसले, ते आज येथे दिसते.

सुरुवात कोठून?

या कामासाठी लागणारे घटक देशात नाहीत असे नाही. लखनौची औद्योगिक विषशास्त्र संशोधन संस्था १९६५ पासून कार्यरत आहे. आज ती भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था म्हणून ओळखली जाते. अहमदाबादेत राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ मध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र सुरू झाले आणि ते चोवीस तास दूरध्वनीवरून सल्ला देते. त्या केंद्राच्या कामाला आधार मात्र प्रामुख्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातून बनलेल्या ‘इनटॉक्स’ आणि अमेरिकेत तयार होणाऱ्या सशुल्क ‘पॉइझिनडेक्स’ यांसारख्या कोशांचा राहिला आहे. कीटकनाशकांची नोंदणी करताना कंपन्या विषाक्ततेचे अभ्यास केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या यंत्रणेला सादर करतात. म्हणजे माहितीचा एक मोठा साठा सरकारदरबारी आधीच आहे. तो एकमेकांशी जोडलेला आणि नागरिकांसाठी खुला नाही, ही अडचण आहे.

अशा खुल्या कोशाविरुद्ध नेहमीचे तीन आक्षेप घेतले जातील. पहिला व्यापारी गुपिताचा. एखादे उत्पादन कसे बनवतात हे गुपित असू शकते; ते प्यायल्यास माणसाचे काय होते, हे गुपित असू शकत नाही. भोपाळनंतर तरी हा फरक मान्य व्हायला हवा. दुसरा आक्षेप गैरवापराचा. विषांची माहिती पाठ्यपुस्तकांत आणि परदेशी कोशांत पूर्वीपासून उघडी आहे. तिच्या अभावाने ज्यांचे नुकसान होते ते डॉक्टर, कामगार आणि शेतकरी आहेत. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो गंभीरपणे घ्यावा लागेल. कोश एकदा बनवून भागत नाही. दर वर्षी नवे अभ्यास वाचणारी, जुन्या नोंदी दुरुस्त करणारी, चूक दाखवली तर मान्य करणारी माणसे नेमावी लागतात. आरंभशूरपणाने उद्घाटन करून नंतर अद्ययावत न झालेल्या सरकारी संकेतस्थळांचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. जुनी आणि चुकीची मात्रा दाखवणारा विषकोश हा कोश नसण्यापेक्षा अधिक धोकादायक असतो.

म्हणून आवाका लहान ठेवून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल. देशात सर्वाधिक विषबाधा ज्यांच्यामुळे होतात अशी शे-दोनशे द्रव्ये निवडावीत. प्रत्येकाची नोंद रसायन क्रमांक, भारतीय बाजारातील सर्व व्यापारी नावे, लक्षणे, उपचार आणि मूळ स्रोत यांसह तयार करावी. डॉक्टरांसाठीची आणि सामान्य माणसासाठीची आवृत्ती वेगळी ठेवावी आणि दुसरी मराठीसह सर्व प्रमुख भाषांत असावी. कोशाची जबाबदारी सांभाळणाऱ्या संस्थेला कायद्याचा आधार आणि स्वतंत्र निधी द्यावा, जेणेकरून मंत्रालयातील फेरबदलाबरोबर ती बंद पडणार नाही. टॉक्सनेट, आरटेक्स आणि आयरिस या तिघांच्या अनुभवाचे सार हेच आहे. माहिती गोळा होऊनही तिच्यामागे टिकाऊ सार्वजनिक जबाबदारी नसेल, तर ती कधी विकली जाते, कधी विखुरते आणि कधी थांबते.

आज संगणकाला प्रश्न विचारला की क्षणात सफाईदार उत्तर मिळते. त्यामुळे अशा कोशांची गरज संपली, असेही कोणी म्हणेल. पण ती सफाईदार उत्तरे शेवटी कुठल्यातरी नोंदीवरूनच येतात आणि ती नोंद कोणी, कधी आणि कशाच्या आधारे केली हे उत्तरात दिसतेच असे नाही. विषबाधेच्या रुग्णासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला आत्मविश्वासाने दिलेले चुकीचे उत्तर परवडणारे नसते.

भोपाळला चार दशके उलटून गेली. त्या रात्री हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न साधा होता: हे विष कोणते आणि त्यावर काय द्यायचे? मिथिल आयसोसायनेटसाठी त्याचे उत्तर आज ६२४-८३-९ या क्रमांकाखाली नोंदलेले आहे, तेही परदेशातील कोशात आणि बव्हंशी भोपाळच्या रुग्णांवरून शिकून. पुढच्या वेळी हा प्रश्न यवतमाळच्या, महाडच्या किंवा छिंदवाड्याच्या एखाद्या रुग्णालयात रात्री-अपरात्री विचारला जाईल, तेव्हा त्याचे उत्तर आपल्या स्वतःच्या दप्तरात सापडावे, एवढी अपेक्षा बाळगणे अवाजवी ठरू नये.